रेल्वेची नवी घडी आणि आपली साखर



युरियाची रेक लागली की गावोगाव बातमी पसरते, आणि सोसायटीच्या दारात रांग उभी राहते. खत रेल्वेने येते हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण आपली साखर बहुतेक करून ट्रकने जाते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो या लेखात करावयाचा आहे.

कारखान्याच्या कामानिमित्त आम्ही नुकतेच भिवंडीजवळ नारपोलीस गेलो होतो. जिकडे पाहावे तिकडे गोदामे. अंजूरफाट्याला ट्रकांच्या रांगेत आमची गाडी तासभर अडकली. इंजिने चालू, धूर चालू, पण पुढे सरकायचे नाव नाही! आणि तेथून जवळच वसई-दिवा मार्गावरील भिवंडी रोड स्टेशन आहे. २०२० सालापासून या स्टेशनातून पार्सल गाड्या थेट बंगालमधील सांकराईल व आसाममधील अझारा येथपर्यंत गेल्या. म्हणजे रस्ता तुंबला तरी दुसरी वाट आहे.

ही वाट स्वस्त का पडते? लाकडी चाकाची बैलगाडी जाऊन टायरची गाडी आली, तेव्हा तेच बैल किती जास्त ऊस ओढू लागले, ते जुन्या मंडळींना विचारावे. रेल्वेत त्याहून पुढची पायरी आहे. रबरी टायर ओझ्याखाली दबतो, त्यात जोर वाया जातो. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. म्हणून तेवढाच माल नेण्यास रेल्वेला इंधन फार कमी लागते.

त्यातून आता देशातील ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाले आहे. बोरघाटात ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. तेथे वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने ढकलतात. उतरताना मात्र आजची विजेची इंजिने ब्रेक लावता लावता वीज तयार करून तारेत परत देतात. पुष्कळशी वीज आजही कोळशाचीच आहे, हे खरे. परंतु सहवीज प्रकल्प असलेले साखर कारखाने बगॅसवर वीज करून ग्रिडला देतात. त्या कामी आपल्याच शेतातला ऊस उपयोगी पडतो.

मग माल रस्त्यावर का गेला? एकाच रुळावर प्रवासी गाडी आणि मालगाडी. मेल आली की मालगाडी बाजूला उभी. माल कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून व्यापाऱ्याने ट्रक धरला. ही घडी बदलण्यासाठी जेएनपीटी ते दिल्लीजवळील दादरी असा सुमारे १,५०० किलोमीटरचा, फक्त मालासाठीचा मार्ग आखलेला आहे. तो भिवंडी तालुक्यातूनच जातो. त्यावर एकावर एक असे दोन कंटेनर ठेवून नेता येतात. २०२० च्या राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात देशाच्या मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा सुमारे २७ टक्क्यांवरून २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. ४२ वाघिणींची एक रेक म्हणजे सुमारे २,५०० टन माल, म्हणजेच ५० किलोची ५०,००० पोती. रोज ५,००० टन गाळप आणि ११ टक्के उतारा धरला, तर ही साडेचार-पाच दिवसांची साखर झाली. एवढी साखर एकाच गावी, एकाच वेळी पाठविणे एकट्या कारखान्याला दरवेळी जमणार नाही. दोन-तीन कारखान्यांनी मिळून रेक भरली तर जमेल. २०२० सालच्या किसान रेलने हेच दाखविले. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली गाडी गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सांगोल्याहून शालिमारला शंभरावी. थोडा थोडा माल असणाऱ्या शेतकऱ्यांचा माल एकाच गाडीत गेला.

अडचणी आहेत. रेल्वेने माल पाठवायचा तर चढ-उताराची हमाली दोनदा पडते. वाघिणी वेळेत भरल्या नाहीत तर दंड बसतो. जवळच्या मुक्कामी रेल्वे परवडणार नाही. तेथे ट्रकच बरा. शिवाय आपल्यापैकी कित्येकांचे ट्रक आहेत, त्यांचाही संसार आहे. गोदाम ते मालधक्का ही वाहतूक त्यांच्याकडेच राहिली पाहिजे. परंतु बंगाल, आसामसारख्या लांबच्या बाजाराला रेल्वेचा हिशेब घातलाच पाहिजे. व्यापारी गाडीभाडे मनात धरूनच साखरेचे टेंडर भरतो. भाडे वाढले की तो दर पाडतो, आणि अखेर ते तुमच्या उसाच्या बिलातून जाते.

म्हणून येत्या वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारावेत. लांबच्या मुक्कामी ट्रकचे आणि रेल्वेचे भाडे, हमालीसह, पोत्यामागे किती पडते? शेजारच्या कारखान्यांशी मिळून रेक भरण्याची बोलणी झाली आहेत काय? जवळच्या मालधक्क्यावर साखर पावसात भिजणार नाही अशी शेड आहे काय?

एकट्याचा ऊस गुऱ्हाळापुरता, सर्वांचा मिळून कारखाना झाला. रेल्वेच्या बाबतीतही तोच धडा आहे. तो गिरवावा, ही विनंती.