भुताविना झपाटलेली हवेली

ओसाड हवेली, मृत्युपत्राचं वाचन, टपून बसलेले नातेवाईक आणि एका रात्रीचा मुक्काम हा साचा जॉन विलार्डच्या ‘द कॅट अँड द कॅनरी’ या नाटकाने १९२२मध्ये ब्रॉडवेवर पक्का केला. पॉल लेनीने १९२७मध्ये त्यावर मूकपट काढला, १९३९मध्ये बॉब होपने त्याच गोष्टीतून हशा पिकवला. या परंपरेत भूत खोटं निघतं. मुखवट्याआड इस्टेटीवर डोळा ठेवणारा भाऊबंद असतो. तो पकडला गेला की घर खऱ्या वारसाकडे जातं आणि प्रेक्षक निर्धास्त होतो. जॅक हिलने १९६४मध्ये लॉस एंजेलिसच्या एका जुन्या घरात, सुमारे ६५,००० डॉलरमध्ये आणि अवघ्या १२ दिवसांत चित्रित केलेला ‘स्पायडर बेबी’ हा निर्धास्तपणाच नाकारतो. विनोदी भयपटांत त्याचं स्थान वेगळं आहे ते याचमुळे, कमी पैशांतल्या करामतींमुळे नव्हे.

मेरी घराण्यात एक रोग आहे. वय वाढतं तशी बुद्धी मागे जाते, बालपणाच्याही पलीकडे, रानटीपणापर्यंत. धनी मरताना दिलेल्या शब्दाला जागून ब्रूनो हा नोकर उरलेल्या तीन मुलांना सांभाळतो. त्यातली व्हर्जिनिया ‘कोळी कोळी’ खेळते, म्हणजे माणसाला जाळ्यात पकडून सुऱ्यांनी मारते. अशा घरात दूरचे नातेवाईक वकिलाला घेऊन ताबा मागायला येतात. त्यांचा कायदेशीर हक्क बिनतोड आहे, तरी आपलं मन ब्रूनोच्या बाजूने झुकतं. कागदावरचा वारसा हवा असलेले पाहुणे आणि रक्तातला वारसा नको असूनही भोगणारी मुलं यांना हिल एकाच जेवणाच्या टेबलावर बसवतो. चित्रपटाचा सगळा विनोद या विसंगतीतून येतो. भूत दाखवायला पैसे नव्हते म्हणून रोग आणला, असं कुणी म्हणेल. पण खोटं भूत ही भयपटातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. एक चादर पुरते. तेव्हा ही निवड लेखकाची आहे, खिशाची नाही.

सुरुवातीलाच नातेवाईक येत असल्याचा निरोप घेऊन येणारा माणूस मारला जातो. ही भूमिका मँटन मोरलँडची आहे. मोनोग्राम कंपनीच्या चार्ली चॅनपटांतला बर्मिंगहॅम ब्राउन म्हणजे हाच नट. १९४०च्या दशकात डोळे विस्फारून भुताला घाबरणारा कृष्णवर्णीय नोकर त्याने पुन्हा पुन्हा रंगवला. त्या चित्रपटांत त्याची भीती हाच विनोद असे आणि त्याच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. विनोदाच्या वेळेवरची त्याची हुकमत मात्र असामान्य होती. काळ बदलला तशा या भूमिका आटल्या, आणि त्या लिहिणाऱ्यांच्या चुकीची किंमत त्याने मोजली. हिल त्याला जुन्याच ओळखीने आणतो, प्रेक्षकाला हसायला तयार करतो आणि मग त्याची भीती खरी ठरवतो. कृष्णवर्णीय पात्राचा पहिला बळी ही त्याच अन्यायाची पुढची पायरी नाही का? आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तरीही निष्कारण भित्रा ठरवलेल्या माणसाला इथे प्रथमच भिण्याचं सबळ कारण मिळतं. खोट्या भुतांची परंपरा मोडल्याचं पहिलं चिन्ह त्याच्याच चेहऱ्यावर दिसतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा चित्रपट मनोरुग्णांची टिंगल करतो. उत्तर लॉन चेनी ज्युनिअरच्या ब्रूनोत आहे. १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये शाप भोगणारा हा नट इथे शापितांचा पालक झाला आहे, आणि तो मुलांकडे एकदाही किळसेने पाहत नाही. शेवटी सुटकेची वाट उरत नाही तेव्हा तो सुरुंगाच्या दारूने घरासह मुलांना आणि स्वतःला संपवतो. हे कृत्य समर्थनीय नाही, पण ते मायेतून घडतं हे चेनी पटवून देतो. टिंगलीच्या चित्रपटात अशा भूमिकेला जागा नसते.

चित्रपटाच्या वाट्यालाही इस्टेटीचंच प्रारब्ध आलं. निर्मात्यांचं दिवाळं निघालं, चित्रपट अडकून पडला आणि काही वर्षांनी कसाबसा बाहेर आला तेव्हा नावंही बदलत राहिली. पुढे व्हिडिओच्या प्रतींतून त्याला चाहते मिळाले. ‘कॉफी’ आणि ‘फॉक्सी ब्राउन’मुळे नाव झालेल्या हिलच्या देखरेखीखाली त्याची चांगली प्रत निघाली आणि अकॅडमी फिल्म अर्काइव्हने त्याचं जतन केलं. मोरलँड आणि चेनी दोघंही १९७३मध्येच गेले होते. हा मान त्यांना पाहायला मिळाला नाही. म्हणूनच या चित्रपटाला निव्वळ ‘कल्ट’ म्हणून बाजूला काढणं मला अन्यायाचं वाटतं. ‘द कॅट अँड द कॅनरी’ने वारसाला घर मिळवून दिलं, त्या घराबरोबर आणखी काय काय पदरात येतं, हा प्रश्न ‘स्पायडर बेबी’ने विचारला. विनोदी भयपटाचा इतिहास लिहिताना हे दोन्ही चित्रपट शेजारी ठेवायला हवेत.