भाड्यासाठी फ्लॅट घेताना

भाड्यातून हप्ता फिटेल, या आशेवर दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांनी आधी कागदावर आकडेमोड करावी. समजा, फ्लॅट ६० लाखांचा आहे आणि त्यासाठी ४५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं. हप्ता सुमारे ३९ हजार येतो. महिना २० हजार भाडं आलं, तरी उरलेले १९ हजार पगारातूनच जाणार. त्यात घर एखादा महिना रिकामं राहणं, सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम हे धरलेलंच नाही. ही ओढ वर्षानुवर्षं झेपणार नसेल, तर कर्ज कमी घ्यावं किंवा थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्राप्तिकरात थोडा दिलासा आहे: मालकानं भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, शिवाय कर्जाचं व्याजही वजा होतं. मात्र नव्या करप्रणालीत या घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही.

भाडेकरू ओळखीचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं; ते खोडून काढणं मालकावर येतं.