पहारा शरीराचा (भाग ९) : आग विझल्यानंतर

९ ऑक्टोबर २०१८ रोजी भिलाई पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात गॅसच्या पाइपलाइनला आग लागली. नऊ कामगार त्याच दिवशी गेले. भाजलेल्यांपैकी आणखी काही जण पुढच्या दिवसांत रुग्णालयात दगावले. रायपूरच्या डीकेएस किंवा एम्स रुग्णालयात उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांतून असा भाजलेला रुग्ण येतो, तेव्हा पहिल्या दिवशी तो अनेकदा शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. नातेवाइकांना हायसं वाटतं. डॉक्टर मात्र इतक्यात निर्धास्त होत नाहीत.

त्याचं कारण जिवाणू. सुरुवातीला घामाच्या ग्रंथींत आणि केसांच्या मुळांशी तग धरून राहिलेले स्टॅफिलोकोकस वाढतात. आठवड्याभरात रुग्णाच्या आतड्यातले किंवा वॉर्डातले स्यूडोमोनास येऊन ठेपतात. पट्टी सोडताना गॉजवर हिरवट-निळसर डाग दिसला आणि गोडसर दर्प आला, की ड्रेसिंग करणारी सिस्टर लगेच ओळखते.

एरवी अशा जिवाणूंना आपल्या पांढऱ्या पेशी दाद देत नाहीत. इथे अडचण अशी, की खोलवर भाजलेल्या कातडीतल्या रक्तवाहिन्याच गोठलेल्या असतात. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत, आणि शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही तिथवर पोचत नाही. जिवाणूंना मात्र मेलेली प्रथिनं आयती मिळतात. म्हणून नुसती औषधं बदलत बसण्यापेक्षा मेलेली कातडी लवकर काढून टाकणं महत्त्वाचं. युगोस्लाव्हियातल्या डॉ. झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये हे ठामपणे मांडलं, आणि माझ्या मते भाजलेल्यांच्या उपचारातलं एवढं मोठं वळण दुसरं नाही.

पण जखमेपुरतंच हे थांबत नाही. बरंच अंग भाजलं, की सगळी प्रतिकारयंत्रणाच ढेपाळते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर तयार होतात, पण संसर्गाच्या दिशेने नीट सरकत नाहीत. गिळलेला जिवाणू मारण्याची त्यांची ताकदही घटते. रक्तातली प्रतिपिंडं जखमेतून पाझरून जातात. टी-पेशी मंदावतात. शरीर ऊर्जा इतकी जाळतं, की मोठ्या जखमांत गरज दुपटीच्या आसपास जाते आणि स्नायू झिजू लागतात. अशा रुग्णाला ‘पथ्य’ म्हणून नुसती पेज देत राहणं म्हणजे त्याच्या पेशींना उपाशी ठेवणं. डाळ, अंडी, दूध, गरज पडली तर नाकातून नळीने आहार, हा उपचाराचाच भाग आहे.

याच दुबळेपणाचा एक उपयोगही होतो. दुसऱ्याची कातडी शरीर नाकारतं, आणि ते काम प्रतिकारशक्तीचं आहे, हे ग्लासगोतल्या एका भाजलेल्या स्त्रीवरच्या निरीक्षणांतून गिब्सन आणि मेडावर यांनी १९४३ मध्ये दाखवायला सुरुवात केली. तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे दुसऱ्यांदा लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा लवकर गळाले. मेडावर यांना पुढे १९६० चं नोबेल मिळालं. खूप भाजलेल्या माणसात हा नकार उशिरा येतो. त्यामुळे मृत व्यक्तीची दान केलेली त्वचा त्याच्या जखमेवर साधारण दोन-तीन आठवडे टिकते, जिवाणूंची वाट अडवते, पाझर रोखते. तेवढ्यात त्याची स्वतःची कातडी टप्प्याटप्प्याने लावता येते.

मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० पासून अशी दान केलेली त्वचा साठवणारी त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथून कातडीचा अगदी पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ किंवा रक्तातला संसर्ग असेल, तर ती घेत नाहीत.