त्वचेच्या नमुन्यांचे देयक संकेतन

त्वचेच्या नमुन्यांचे देयक संकेतन म्हणजे त्वचेतून काढलेल्या ऊतीच्या प्रयोगशाळेतील तपासणीस देयकासाठी ठराविक संकेतांक देण्याची पद्धत होय. या संकेतांकावरून विमा कंपनी किंवा शासकीय योजना झालेले काम ओळखते आणि रक्कम मंजूर करते. नमुना कोणता होता व त्यावर कोणत्या प्रक्रिया झाल्या, यावरून संकेतांक ठरतो. काचपट्ट्यांची संख्या किंवा आजाराचे गांभीर्य हा त्याचा निकष नाही.

भारतातील स्थिती

भारतात सर्व रुग्णालयांना बंधनकारक अशी एकच देयक संकेतावली नाही. नागपूरसारख्या शहरात त्यामुळे एकाच प्रकारच्या तपासणीचे देयक तीन प्रकारे होऊ शकते. स्वखर्चाने आलेल्या रुग्णाला प्रयोगशाळेचे स्वतःचे दरपत्रक लागू होते. केंद्र सरकार आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांसाठी योजनेची दरसूची वापरली जाते. तीत प्रयोगशाळेला वा रुग्णालयाला गुणवत्ता मानांकन आहे की नाही, यावरूनही दर बदलतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत (२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आरंभ, २०१७ साली नामांतर) उपचारांच्या संचाला संकेतांक असतो आणि उपचारासाठी आवश्यक तपासण्या सामान्यतः त्या संचातच समाविष्ट असतात.

सीपीटी संकेतावली

त्वचेच्या नमुन्यांची तपशीलवार विभागणी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी या संकेतावलीत आढळते. ती प्रथम १९६६ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकी रुग्णालयांची देयके तयार करण्याचे काम भारतातही चालत असल्याने येथील वैद्यकीय संकेतनाच्या अभ्यासक्रमांत ती शिकवली जाते. शस्त्रक्रियेतून मिळालेल्या ऊतींच्या तपासणीचे तीत सहा स्तर आहेत. त्वचेसाठी पुढील तीन महत्त्वाचे होत :

• ८८३०२ : सुघटन शस्त्रक्रियेत काढलेली त्वचा.
• ८८३०४ : त्वचेतील कोष, लोंबणारे मस, जखमेतून खरवडून काढलेली मृत ऊती.
• ८८३०५ : वरील प्रकारांखेरीज त्वचेचे अन्य नमुने.

साधा तीळ आणि मेलानोमा हा घातक कर्करोग या दोहोंच्या नमुन्यांस ८८३०५ हाच संकेतांक लागतो. निदान कर्करोगाचे आहे म्हणून वरचा स्तर लावता येत नाही.

गणनेचे एकक

स्वतंत्र ओळख देऊन स्वतंत्र निदानासाठी पाठवलेला नमुना हे गणनेचे एकक आहे. पाठीवरील व हातावरील तीळ वेगवेगळ्या बाटल्यांत, जागा नमूद करून पाठवल्यास दोन एकके होतात. एकाच बाटलीत ओळख न देता पाठवलेले दोन तुकडे मात्र एकच एकक ठरतात. एका नमुन्याच्या सहा काचपट्ट्या केल्या तरी एकक एकच राहते.

विशेष रंजन

नेहमीच्या रंजनाचा खर्च मूळ संकेतांकात धरलेला असतो. सूक्ष्मजंतू शोधण्यासाठी केलेल्या विशेष रंजनास ८८३१२, तर अन्य हेतूच्या बहुतेक विशेष रंजनांस ८८३१३ हा संकेतांक आहे. कुष्ठरोगाचे जंतू शोधण्यासाठी वापरले जाणारे फाइट-फराको रंजन पहिल्या गटात येते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री या चाचणीत नमुन्यावरील पहिल्या प्रतिपिंडास ८८३४२ व पुढील प्रत्येकास ८८३४१ लावतात.

निदानाचा संकेतांक

केलेल्या कामाच्या संकेतांकासोबत निदानाचा संकेतांकही द्यावा लागतो. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी वर्गीकरणावर आधारित असतो. त्याच्या दहाव्या आवृत्तीत कुष्ठरोगास ए ३०, मेलानोमास सी ४३, त्वचेच्या अन्य कर्करोगांस सी ४४ आणि साध्या तिळास डी २२ हे संकेतांक आहेत.

अमेरिकी आवृत्तीतील डी ४८.५ व डी ४९.२ यांची अनेकदा गल्लत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही गाठीचे वर्तन निश्चित सांगता येत नाही, असे विकृतिशास्त्रज्ञाने नोंदवल्यास पहिला वापरतात. गाठीचे स्वरूप नमूदच नसल्यास दुसरा योग्य ठरतो. अहवाल येण्यापूर्वीची अनिश्चितता पहिल्या संकेतांकात बसत नाही.

त्वचारोगतज्ज्ञाच्या देयकात मात्र निदानामुळे शस्त्रक्रियेचा संकेतांकही बदलतो. गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेस ती सौम्य असल्यास ११४०० पासूनची आणि घातक असल्यास ११६०० पासूनची मालिका आहे. त्यामुळे असे देयक अहवाल आल्यानंतर करणे योग्य मानले जाते.

चुकांचे परिणाम

खालचा संकेतांक लागल्यास प्रयोगशाळेला केलेल्या कामाचा पूर्ण मोबदला मिळत नाही. जाणीवपूर्वक वरचा लावणे ही फसवणूक ठरते. निदान व काम यांचा मेळ न बसल्यास दावा नाकारला जाऊन खर्चाचा भार रुग्णावर पडू शकतो. आयसीडी संकेतांक आरोग्यविषयक आकडेवारीसाठीही वापरले जातात. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात. अशा रुग्णाची नोंद केवळ ‘त्वचेवरील चट्टा’ अशी झाल्यास रुग्णालयाच्या नोंदींतून तो रोगी निसटतो. म्हणून नमुन्यासोबतच्या पत्रकात शरीरावरील जागा, नमुना घेण्याची पद्धत, बाटल्यांची संख्या व संशयित आजार स्पष्ट लिहिणे आवश्यक असते.