सासूबाईंचे कान

“अगं, रात्रभर घूंऽऽ असा आवाज येतो गं,” सासूबाई महिनाभर सांगत होत्या. आम्ही म्हणायचो, “आई, वय झालं, कान वाजत असतील तुमचे.” त्या बिचाऱ्या गप्प बसायच्या. झोप मात्र उडालेली.

माझी लेक घरीच व्हिडिओ एडिटिंगची कामं करते. एका रात्री तिने आजीच्या उशाशी आवाज रेकॉर्ड केला आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडला. त्यातल्या स्पेक्ट्रोग्राममध्ये आवाजाचं चित्रच दिसतं. १०० हर्ट्झपाशी सरळ आडवी रेघ! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर तिच्या दुपटीने थरथरतो, म्हणे. शोधाशोध केली, तर भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर. त्यातही ट्रान्सफॉर्मरच असतो. दिवसाच्या गडबडीत तो ऐकूच यायचा नाही. बटण बंद केलं, रेघ गायब! त्या रात्री सासूबाई गाढ झोपल्या.

व्हिडिओतला असा आवाज ‘नॉइज रिडक्शन’ने पुसता येतो, लेक सांगत होती. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणंही आपण असंच पुसून टाकतो, नाही का? मैत्रिणींनो, आधी ऐकून तरी घेऊया!