सुट्टीत करा नाशिकची द्राक्षसफर!

स्पेनच्या रिओहा भागात पर्यटक जुनी गावे पाहत द्राक्षमळ्यांतून हिंडतात. तशी सफर आपल्या नाशिक जिल्ह्यातही तीन दिवसांत होते. आम्ही अल खफजीकरांनी आखलेला बेत असा:

पहिला दिवस: पंचवटी आणि काळाराम मंदिर. मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह येथेच १९३० साली सुरू झाला. दुपारनंतर गंगापूर धरणाजवळ १९९९ मध्ये स्थापन झालेली 'सुला' वायनरी.

दुसरा दिवस: पेशवेकालीन त्र्यंबकेश्वर मंदिर, मग दिंडोरीकडचे मळे.

तिसरा दिवस: चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल, येवल्यात पैठणीचे माग.

वाइनची द्राक्षे आपल्या खायच्या द्राक्षांपेक्षा लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून रस सालींसकट आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस गाळून घेतात.

आता महत्त्वाचे. द्राक्षतोड साधारण जानेवारी ते मार्च चालते. आपली मुलांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टची! तेव्हा वेलींवर फक्त पाने दिसतात. घड पाहायचे असतील तर रजा हिवाळ्यातच टाका. महाराष्ट्रात २१ वर्षांखालील मुलांना वाइन चालत नाही, पण मळा पाहायला त्यांना जरूर न्या.

आणि परतताना बाटली चुकूनही बॅगेत नको! सौदीत दारू आणण्यास सक्त मनाई आहे. हौसेपायी नोकरी आणि इकामा दोन्ही धोक्यात येतील. शेजाऱ्यांसाठी बेदाणे आणा, गोडी तीच!