पुस्तक, पडदा आणि श्रद्धा

पुस्तकावरून काढलेला चित्रपट पाहून आल्यावर, "पुस्तकांतलें सारें त्यांत आहे काय?" असा प्रश्न विद्यार्थी बहुधा विचारतात. आमच्या मतें हा प्रश्न अपुरा आहे. काय गाळलें, काय बदललें, आणि त्यामुळें कथेच्या गाभ्यास धक्का लागला कीं उजाळा मिळाला, हें पाहणें अधिक महत्त्वाचें. कथा धर्मविषयक असल्यास तर ही पारख फारच जपून केली पाहिजे.

उदाहरणादाखल 'बेन-हर' घेऊं. ल्यू वॉलेस ह्या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी १८८० सालीं प्रसिद्ध झाली. तिजवरील चित्रपटांपैकीं विल्यम वायलर ह्यांनीं दिग्दर्शित केलेला १९५९ सालचा चित्रपट विशेष गाजला व त्यास ११ ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. मित्राच्या विश्वासघातामुळें गलबतावर वल्हीं मारण्याची शिक्षा भोगणारा यहूदी तरुण बेन-हर हा कथेचा नायक. परंतु तिचें खरें केंद्र प्रभु येशू ख्रिस्त होय.

बेड्या घातलेला बेन-हर नासरेथ येथें तहानेनें व्याकुळ झाला असतां येशू त्यास पाणी देतो. ह्या उपकाराची आठवण ठेवून, ख्रिस्त वधस्तंभावर असतां बेन-हर आंबेनें भरलेला स्पंज त्याच्या ओठांस लावतो, असें कादंबरींत आहे. चित्रपटांत मात्र, ख्रिस्त वधस्तंभाच्या वाटेवर कोसळला असतां तो त्यास पाणी देऊं पाहतो. येथें प्रसंग बदलला, पण भाव अधिक स्पष्ट झाला. तसेंच, ह्या चित्रपटांत ख्रिस्ताचें मुख कोठेंही दाखविलेलें नाहीं. त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या मुद्रेवरूनच त्याचा प्रभाव कळतो. हा संयम आम्हांस भव्य देखाव्यांहून मोलाचा वाटतो.

परंतु एक हानि मोठी झाली आहे. कादंबरींतला बेन-हर, ख्रिस्त हा रोमी सत्ता उलथून टाकणारा राजा होईल अशा आशेनें गालीलांत गुप्तपणें सैन्य उभारतो. आणि प्रभूचें राज्य तरवारीचें नव्हे, हें त्यास फार कष्टानें उमगतें. हा सैन्याचा भाग चित्रपटांत नाहीं. तेथें वैयक्तिक सूड व क्षमा ह्यांवरच भर आहे. क्षमेचा धडा थोर आहेच. पण धर्मकार्य बळानें साधण्याचा मोह हाही प्रत्येक पिढीपुढें उभा राहतो, आणि त्याविषयींचा इशारा केवळ चित्रपट पाहणाऱ्यास मिळत नाहीं. त्याच्या ध्यानांत बहुधा रथांची शर्यतच राहते.

पडद्याची शक्ति लहान नव्हे. दादासाहेब फाळके ह्यांस चित्रपट काढण्याची स्फूर्ति मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहूनच झाली, आणि १९१३ सालीं त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. जें साधन एका मनांत एवढें बीज पेरूं शकतें, त्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणें योग्य नव्हे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांस चांगले चित्रपट अवश्य दाखवावे, मात्र घरीं परतल्यावर मूळ पुस्तक त्यांच्या हातीं द्यावें, आणि "ह्यांत काय गाळलें, व तें कां?" असें विचारावें. ह्या प्रश्नाचें उत्तर जो स्वतः शोधील, तो पडद्यावरील धर्मकथा डोळसपणें पाहील आणि आपली श्रद्धाही विचारपूर्वक जोपासील.